मागून आधार नसलेला डोळा

“पडद्याचं ऑपरेशन झालंय,” एवढंच सांगून कोणी मोतीबिंदूसाठी आलं की मी आधी जुनी फाइल मागतो. आबांनी ती पिशवीतून काढली. पडदा, म्हणजे रेटिना, सुटला म्हणून डोळ्याभोवती पट्टा, मग व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलीसारखा व्हिट्रियस काढणं) आणि त्याच्या जागी सिलिकॉन तेल. तेल पुढे काढलेलं. पन्नाशी उलटलेल्यांना व्हिट्रेक्टॉमीनंतर दोनेक वर्षांत बहुधा मोतीबिंदू होतोच, त्याचं काही नवल नाही. पण डोळ्याची लांबी लिहिली होती ३५ मिलिमीटर! तेल आत असतानाचा ए-स्कॅन, म्हणजे आवाजाच्या लहरींनी घेतलेलं माप. आवाज व्हिट्रियसमधून सेकंदाला १५३२ मीटर जातो, या तेलातून ९८० च्या आसपास. मशीनमध्ये वेग बदलला नाही, तर डोळा भलताच लांब दिसतो. आम्ही प्रकाशावर चालणाऱ्या मशीनवर मोजला, तर २५.४. जुन्या आकड्यावर डोळ्यात बसवायची लेन्स निवडली असती, तर आबांना प्लसचा जाडजूड चष्मा लागला असता.

पट्ट्यामुळे सुई टाळली, बोथट कॅन्युलाने (नळीने) डोळ्याच्या आवरणाखाली सब-टेनन भूल दिली. डोळ्यात जाणाऱ्या पाण्याची बाटली नेहमीपेक्षा खालीच टांगायला लावली होती.

तरी मोतीबिंदू फोडून ओढून घेणाऱ्या फेको यंत्राची टीप आत जाऊन पाणी सुरू झालं आणि समोरचा कप्पा विहिरीसारखा खोल गेला. बाहुली फाकली, आयरिस (बुबुळाचा रंगीत पडदा) मागे वाकली, न्यूक्लियस, म्हणजे मोतीबिंदूचा कडक गाभा, फोकसबाहेर. मागे व्हिट्रियस नाही, त्यामुळे रेटा द्यायला काहीच नाही. आयरिस कॅप्सूलला, म्हणजे भिंगाच्या पिशवीला, चिकटून बसते, पाणी पुढेच अडकतं. अशा वेळी घाईने टीप खोल घालणं महागात पडतं. कॅप्सूल फाटली तर न्यूक्लियस थेट रेटिनावर. मी हात थांबवला आणि चॉपर या बारीक हत्याराने आयरिसची कड कॅप्सूलपासून अलगद उचलली. पाणी मागे गेलं, कप्पा जागेवर आला. सिस्टरने तेव्हा कुठे मान वर केली.

मागच्या कॅप्सूलवर पांढरा थर होता, तो खरवडला नाही. पुढे याग लेसरने बघता येईल. लेन्स अ‍ॅक्रिलिकची घातली, सिलिकॉनची नाही. न जाणो, पुन्हा तेल भरायची वेळ आली तर? ते सिलिकॉनच्या लेन्सला चिकटतं. अशा डोळ्याची भिंत मऊ असते, म्हणून १०-० च्या अगदी बारीक धाग्याचा एक टाका.

मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भागही सुटलेला होता, त्यामुळे नजर किती येईल ते आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ६/२४, म्हणजे चांगल्या डोळ्याला २४ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून.

“एसटीची पाटी वाचता येईल का, डॉक्टर?”

“येईल की आबा, गाडी जवळ आल्यावर.”

“मग हात करायला उशीर हुतोय! चष्मा कधी देताय?”

“टाका काढल्यावर,” म्हणालो आणि थेंबांच्या वेळा पुन्हा एकदा सुनेला समजावल्या.