जुनी इंग्रजी क्रियापदं : 'विटन'चा तक्ता पुरा, उदाहरणांची छाननी चालू

'विटन' म्हणजे जाणणे. आजच्या इंग्रजीत ते कायदेशीर मजकुरातल्या 'टू विट'मध्ये ('म्हणजेच') आणि 'अनविटिंग'मध्ये (नकळत) उरलं आहे. रूपं अशी: मी आणि तो 'वाट', तू 'वास्ट', अनेकवचनी 'विटोन', भूतकाळी 'विस्से' किंवा 'विस्ते'. पुढे 'वाट'चं 'वॉट' झालं आणि भूतकाळाचं 'विस्ट'.

तक्ता पाठ करताना शेजारी संस्कृत 'विद्' मांडा. वेद–विद्म, वाट–विटोन: एकवचनात स्वर भरदार, अनेकवचनात ऱ्हस्व इ. धातू मुळात एकच. दोन्हीकडे घडण भूतकाळी आणि अर्थ वर्तमानाचा: पाहिलं आहे, म्हणून जाणतो. पाणिनीला यासाठी 'विदो लटो वा' (विद्‌च्या वर्तमानकाळाला भूतकाळाचे प्रत्यय विकल्पाने लागतात) हे वेगळं सूत्र करावं लागलं. 'तो वाट' याला तृतीयपुरुषी प्रत्यय नाही तो घडण अशी भूतकाळी असल्यामुळेच. 'कॅन' आणि 'शॅल'ला आजही 'स' लागत नाही, तीही याच गटातली. १६११च्या बायबलात मात्र उत्पत्ती २१:२६ मध्ये 'आय वॉट नॉट' (मला ठाऊक नाही) आणि ३९:८ मध्ये चक्क तृतीयपुरुषी 'एथ' प्रत्यय लावलेलं 'वॉटेथ' आहे. गट विस्मरणात गेला आणि प्रत्यय चिकटला, त्याचा हा उत्तम पुरावा. निर्गम २:४ मधलं 'टू विट' तर खरंखुरं क्रियापद आहे: मोशेची बहीण दूर उभी राहते, त्याचं काय होतं ते कळावं म्हणून.

खरी अडचण 'वीटन' या दीर्घ ई असलेल्या क्रियापदाची. अर्थ दोष देणे, आणि त्याचा भूतकाळ पुन्हा 'वाट'च! 'येवीटन' म्हणजे निघून जाणे. त्याचं 'येवाट' बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात वारंवार येतं. हस्तलिखितांत ऱ्हस्व-दीर्घ नेमाने दाखवलेलं नसतं. छापील आवृत्त्यांत स्वरांवर दिसणाऱ्या आडव्या रेघा आधुनिक संपादकांच्या. म्हणून आधी वाक्य पाहा. पुढे 'की'चं उपवाक्य किंवा जाणण्याची गोष्ट असेल तर 'विटन'. दिशा किंवा ठिकाण असेल तर 'येवीटन'.

जुन्या मजकुरांत उदाहरणांचा शोध घेताना नुसतं 'विट' टाकू नका, बुद्धी या अर्थाच्या नामाचा ढीग येतो. 'वॉट'मध्ये लंडनी उच्चाराप्रमाणे लिहिलेलं 'व्हॉट' (काय) मिसळतं. 'विस्ट नॉट' (ठाऊक नव्हतं), 'गॉड वॉट' (देव जाणे) अशा जोड्या घ्या. 'आय विस' सरळ वगळा. ते मूळचं 'इविस', म्हणजे 'खचित' हे क्रियाविशेषण. तोडून लिहिल्यामुळे पुढच्या कवींनी ते क्रियापद समजून वापरलं.

आता चॉसर या मध्ययुगीन इंग्रजी कवीतलं नकारी 'नोट' (जाणत नाही) तपासायचं राहिलं आहे.