विंडरमियरचा विमान कारखाना आणि पाळलेला शब्द

इंग्लंडमधील विंडरमियर तलावावर कोणत्याही यांत्रिक बोटीला 10 नॉटपेक्षा (ताशी सुमारे 18.5 किलोमीटर) अधिक वेगाने जाता येत नाही. हा नियम 2005 पासून लागू आहे, आणि 1911 मध्ये येथूनच उडालेल्या 'वॉटरबर्ड' या सी-प्लेनची प्रतिकृती सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा येथून उडवायची ठरली, तेव्हा उडण्यापूर्वी पाण्यावरून वेगाने धावावे लागत असल्याने तिलाही या नियमातून खास सवलत घ्यावी लागली. मँचेस्टरच्या आमच्या मराठी मंडळींबरोबर तलावाकाठच्या व्हाइट क्रॉस बेला गेलो असताना हे कानी आले आणि मी थक्क झालो, कारण आम्ही उभे होतो त्याच काठावर दुसऱ्या महायुद्धात चार इंजिनांची अवाढव्य सी-प्लेन तयार होत होती.

शॉर्ट ब्रदर्स कंपनीचा मूळ कारखाना केंटमधील रोचेस्टरला, म्हणजे जर्मन बॉम्बफेकी विमानांच्या सहज टप्प्यात होता. त्या मानाने वायव्य इंग्लंडमधील हा सुमारे 17 किलोमीटर लांबीचा तलाव सुरक्षित होता. पाणबुड्यांचा माग काढणारी 35 'संडरलंड' विमाने येथे बांधली गेली, आणि त्यातले पहिले 1942 मध्ये उडाले. पंखांचा विस्तार 34 मीटरहून अधिक आणि जमिनीवर चालायला स्वतःची चाके नाहीत, त्यामुळे तात्पुरती चाके जोडून हे धूड काँक्रीटच्या उतारावरून पाण्यात सोडावे लागे. तो उतार अजून आहे. सुट्टीसाठी आलेली कुटुंबे त्यावरून ट्रेलरवरच्या लहानशा बोटी पाण्यात उतरवतात, आणि त्या बोटींसाठी तो भलताच रुंद वाटतो. याच कंपनीची प्रवासी विमाने त्या काळात आपल्याकडे राजस्थानातील राजसमंद तलावावर उतरत असत, हेही येथे सांगायला हवे.

मला मात्र विमानांपेक्षा त्या कारखान्याच्या शेवटाचे अधिक अप्रूप वाटते. या तलावावर सी-प्लेनना विरोध होण्याची परंपरा जुनी आहे. 1912 मध्ये बालकथा लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर यांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवली होती. व्हाइट क्रॉस बेच्या याच कॅलगार्थ भागात युद्धकाळातील कारखाना उभा राहू लागला, तेव्हा या तलावांच्या परिसराच्या जतनासाठी झटणाऱ्या 'फ्रेंड्स ऑफ द लेक डिस्ट्रिक्ट' या संस्थेनेही आक्षेप घेतला आणि युद्ध संपल्यावर तो उतरवला जाईल, असे आश्वासन सरकारकडून मिळवले. देशाच्या अस्तित्वाचा प्रश्न असताना कोणी तलावाच्या सौंदर्याविषयी बोलावे आणि सरकारने ते ऐकून घ्यावे, हेच मोठे आहे. त्याहून मोठे हे, की युद्ध संपल्यावर, पोलादाची आणि कारखान्यांची गरज तेवढीच असतानाही, तो शब्द पाळला गेला आणि ती प्रचंड हँगर (विमाने जोडण्याची शेड) खरोखरच उतरवली गेली. आज तेथे हॉलिडे पार्क आहे.

कामगारांसाठी जवळच बांधलेल्या तात्पुरत्या वसाहतीत ऑगस्ट 1945 मध्ये नाझी छळछावण्यांतून वाचलेली सुमारे 300 मुले आणली गेली. प्रागहून त्यांना घेऊन आलेली 'स्टर्लिंग' विमानेही शॉर्ट ब्रदर्सच्याच आराखड्याची होती. पुढे ही वसाहतही गेली आणि त्या जागी शाळा उभी राहिली.

हे सारे पाहताना आपल्याकडची संक्रमण शिबिरे आठवल्याशिवाय राहत नाहीत. काही महिन्यांसाठी म्हणून तेथे गेलेल्या कुटुंबांची पुढची पिढी तेथेच लहानाची मोठी होते, आणि 'तात्पुरते' या शब्दावर मुंबईत कोणीही विश्वास ठेवत नाही. अर्थात येथील लोकांना माणसे थोडी आणि जागा भरपूर, ही सोय होती; एवढ्या घरांची वसाहत पाडून टाकणे मुंबईला परवडले नसते आणि ते मागणे न्याय्यही ठरले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. परदेशी राहून मुंबईला नावे ठेवतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे.

शिवाय तलावासाठी भांडणारी माणसे आपल्याकडेही आहेत. पवई तलावाच्या काठी महानगरपालिकेने हाती घेतलेला सायकल ट्रॅक आयआयटीतील विद्यार्थी आणि पर्यावरणप्रेमींनी न्यायालयात नेला, आणि मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून झालेले बांधकाम काढण्याचा व जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. येथील मित्रांना मी ही हकिकत अभिमानाने सांगतो. डिसेंबर 2017 मध्ये गिरगाव चौपाटीसमोर सी-प्लेनचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा शहरात केवढा उत्साह होता. ती विमाने पुन्हा येणार असतील तर जरूर यावीत, पण त्यांच्यासाठी काठावर जे बांधले जाईल ते कोण, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने काढणार, हे पहिली वीट रचण्यापूर्वीच लेखी घेतले जावे.