तुम्ही विचारलंत म्हणून: मॅग्नेटो वाईट नक्की कधी झाला?

कॉमिक्सचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, "'एक्स-मेन' या सुपरहिरोंच्या कॉमिक्समधला मॅग्नेटो नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून वाचलेला. एवढं सोसलेल्या माणसाला खलनायक कसं म्हणायचं?" विचारणाऱ्याने मनाशी धरलेलं असतं की त्याला छावणीने वाईट केलं. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांनी तो लिहिला, त्यांनीही असं लिहिलेलं नाही.

१९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला आणलं, तेव्हा त्याला भूतकाळच नव्हता. लाल शिरस्त्राण घालायचं, लोखंड हलवणाऱ्या चुंबकीय शक्तीने अमेरिकेचा क्षेपणास्त्र तळ ताब्यात घ्यायचा, म्युटंटांचं, म्हणजे त्याच्यासारख्या जन्मतः अचाट शक्ती असलेल्यांचं, राज्य आणायचं, बस्स. त्याची टोळी तर स्वतःच्या नावातच 'दुष्ट' हा शब्द मिरवायची.

ऑशविट्झचं नाव आलं अठरा वर्षांनी, १९८१ साली, क्रिस क्लेरमाँटने लिहिलेल्या 'एक्स-मेन'च्या १५०व्या अंकात. मॅग्नेटोने जगातल्या राष्ट्रांना शस्त्रं टाकायला बजावलं आहे. त्याच्यावर अण्वस्त्रं डागणारी सोव्हिएत पाणबुडी त्याने खलाशांसकट बुडवली आहे. मग त्याच्या यंत्रांची मोडतोड करणाऱ्या, एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर तो वार करतो, ती निपचित पडते, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येतं की ही तर लहान मुलगी आहे. किटी स्वतः ज्यू आहे. तिला हातांवर घेऊन तो आपल्या घरच्यांना गॅस चेंबरकडे कसं हाकललं ते सांगतो. त्या पहारेकऱ्यांना आमच्या जिवाची किंमत नव्हती, तशी मलाही माणसांच्या जिवाची उरली नाही, असं म्हणतो. (किटी वाचते.) हे पान मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण इथे तो आपल्या दुःखाची ढाल करत नाही. त्याच दुःखाच्या आधारे स्वतःवर आरोप ठेवतो.

मग तो बदलला कधी? त्याचं उत्तर १९८७ सालच्या 'क्लासिक एक्स-मेन'च्या १२व्या अंकातल्या छोट्या कथेत आहे. छावणीतून तो आणि माग्दा नावाची कैदी मुलगी निसटतात, संसार मांडतात, त्यांना आन्या नावाची मुलगी होते. पुढे ते युक्रेनमधल्या विनित्सा शहरात येतात. तिथे त्यांच्या खाणावळीला आग लागते. आन्या आत अडकलेली असते आणि त्याची शक्ती पाहून बिथरलेला जमाव त्याला तिच्यापर्यंत जाऊच देत नाही. मुलगी डोळ्यांदेखत जाते. मग तो त्या सगळ्यांना मारून टाकतो.

आता माग्दाकडे पाहा. छावणी तिनेही भोगली होती. तिचीही मुलगी नुकतीच गेली होती. तरीही नवऱ्याचं ते रूप पाहून ती घाबरून पळून जाते. "एवढं सोसल्यावर माणूस असाच होणार" असं कुणी म्हणालं की मला ती आठवते. सोसलं दोघांनीही. फरक इतकाच की छावणीत त्याच्या हाती काहीच नव्हतं. विनित्सात पहिल्यांदाच उलट वार करण्याची ताकद त्याच्याकडे होती आणि त्याने ती सगळीच्या सगळी वापरली. त्या क्षणी त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पाणबुडीचं तसं नाही. तोवर मध्ये कितीतरी वर्षं गेली होती आणि प्रत्येक पाऊल त्याने विचार करून टाकलं होतं.

ग्रेग पाकने २००८ साली लिहायला घेतलेली 'मॅग्नेटो: टेस्टामेंट' ही पाच अंकांची मालिका वाचून मला याची आणखी खात्री पटली. न्यूरेम्बर्गमधला मॅक्स हा ज्यू मुलगा (म्हणजेच लहानपणीचा मॅग्नेटो), पुढे वॉर्सा, मग ऑशविट्झ. तिथे त्याला मृतदेहांची विल्हेवाट लावणाऱ्या झोंडरकोमांडोत ढकललं जातं. या कैद्यांनी ऑक्टोबर १९४४ मध्ये खरोखर बंड केलं होतं आणि एक दाहगृह पेटवलं होतं. त्याच गोंधळात मॅक्स आणि माग्दा निसटतात. पाचही अंकांत महाखलनायक कुठेच भेटत नाही. भेटतो तो सगळं गमावूनही दुसऱ्याला वाचवायला धडपडणारा पोरगा.

म्हणून त्याला खलनायक म्हणताना मी कचरत नाही, आणि त्याच्यासाठी हळहळतानाही नाही. क्लेरमाँटनेही यातलं काही टाळलं नाही. १९८५ सालच्या २००व्या अंकात त्याने मॅग्नेटोला पॅरिसमध्ये आरोपी म्हणून उभं केलं, आणि त्या बुडालेल्या खलाशांचा जाब तिथे त्याला विचारला गेला.