आयर्नब्रिज: हा पूल खालून बघावा

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात सेव्हर्न नदीच्या अरुंद घळीत आयर्नब्रिज हे छोटं गाव आहे. आधी पूल झाला, मग त्याच्या उत्तर टोकाशी बाजार भरायला लागला आणि पुलाचंच नाव गावाला पडलं. बहुतेक लोक येतात, पुलावरून इकडून तिकडे चालतात, फोटो काढतात आणि तासाभरात निघून जातात. इतक्या लांब येऊन असं करू नका. या पुलाची खरी गंमत त्याच्या पोटाखाली आहे आणि ती नीट कळायला पूर्ण दिवस हाताशी हवा.

पहिली अडचण पोहोचण्याची. गावात आज रेल्वे स्टेशन नाही. पूर्वीचं स्टेशन 1963 साली बंद झालं, दक्षिण काठावरच्या त्याच्या जागेवर आता गाड्या लावतात. त्यामुळे तिकीट काढायचं ते टेलफर्ड सेंट्रलचं. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून साधारण पाऊण तास लागतो. लंडनहून येणाऱ्यांना यूस्टनची गाडी धरून वाटेत बर्मिंगहॅम किंवा वुल्व्हरहॅम्प्टनला बदलावं लागतं. टेलफर्डहून गाव सात-आठ किलोमीटर आहे. बस मिळते, पण थोड्या थोड्या वेळाने नाही, आणि रविवारी तर फारच कमी. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच बघून ठेवा. संग्रहालयांचे दिवस आणि वेळाही ऋतूप्रमाणे बदलतात, त्याही आदल्या दिवशी तपासा.

आम्ही दिवसाची सुरुवात पुलापासून करत नाही, कोलब्रुकडेलच्या जुन्या भट्टीपासून करतो. पुलापासून ती दोनेक किलोमीटरवर, एका बाजूच्या दरीत आहे. पूल का झाला आणि इथेच का झाला, याचं उत्तर या भट्टीत आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खनिजातून लोखंड गाळायला लाकडी कोळसा लागायचा. दगडी कोळसा इथल्या डोंगरात मुबलक होता, पण तो तसाच भट्टीत घातला की त्यातलं गंधक लोखंडात उतरतं आणि लोखंड ठिसूळ होतं. 1709 मध्ये पहिल्या अब्राहम डार्बीने कोळसा आधी भाजून त्याचा कोक केला आणि त्यावर भट्टी चालवून दाखवली. या परिसरातल्या कोळशात गंधक मुळातच कमी होतं, हेही त्याच्या पथ्यावर पडलं. त्याला पूलबीळ बांधायचा नव्हता. त्याला स्वयंपाकाची भांडी ओतायची होती. वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट त्याने 1707 मध्येच घेतलं होतं. कोकवर मिळणारं लोखंड चांगलं पातळ वाहतं, म्हणून भांड्याची भिंत पातळ ओतता येते. भांडं हलकं झालं, स्वस्त झालं आणि खपलं.

भट्टी आता आच्छादनाखाली आहे. समोर उभं राहिलं की तोंडावरच्या लोखंडी तुळया दिसतात. त्यातल्या एकीवर 1777 हे वर्ष आहे. त्या वर्षी पहिल्या डार्बीच्या नातवाने, तिसऱ्या अब्राहम डार्बीने, मोठं काम अंगावर घेऊन भट्टी वाढवली. ते मोठं काम म्हणजे पूल.

तिथून उतारावरून चालत नदीवर या. काठालगतच्या रस्त्याला व्हार्फेज म्हणतात, म्हणजे धक्का. इथे किल्ल्यासारखे बुरूज असलेलं विटांचं जुनं गोदाम आहे. त्यात घळीची 12 मीटर लांब प्रतिकृती मांडलेली आहे, 1796 साली ही घळ कशी दिसायची ती. ती चुकवू नका. आजची हिरवी, शांत दरी पाहून तेव्हाचा धूर, भट्ट्या, रुळांवरून उतरणाऱ्या कोळशाच्या गाड्या आणि नदीतली होड्यांची दाटी डोळ्यांसमोर येत नाही. माल घेऊन वर जाणारी जहाजं तेव्हा माणसं काठावरून दोर खांद्यावर घेऊन ओढत असत.

गोदामावर पुराच्या पाण्याच्या खुणाही आहेत. सेव्हर्न ही ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी, 354 किलोमीटरची, आणि वेल्सच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी इथल्या अरुंद घळीत फुगतं. व्हार्फेजवर पुराच्या वेळी उभी करायची काढता-घालता येणारी भिंत आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये पाण्याच्या दाबाने ती भिंतच रस्त्यावर मागे सरकली होती आणि घरं रिकामी करावी लागली होती. हिवाळ्यात येणार असाल तर पुराचे इशारे बघूनच निघा.

आता पूल. वरून जाण्याआधी पायऱ्या उतरून काठावर जा आणि मान वर करा.

एका कमानीत 30.6 मीटरचा गाळा, म्हणजे दोन पायांमधलं अंतर, आणि त्यात पाच मुख्य फासळ्या. प्रत्येक फासळी दोन अर्ध्यांत ओतलेली आणि ते अर्धे माथ्यावर जोडलेले. एकेक अर्धा तुकडा 21 मीटरच्या आसपास लांब आणि पाच टनांहून जड. सगळे मिळून सुमारे 1700 सुटे भाग आणि वजन जवळजवळ 385 टन. आता सांधे बघा. फासळ्यांचे अर्धे माथ्यावर बोल्टने जोडलेत, ते सोडले तर नट-बोल्ट नाहीत, रिव्हेट नाहीत. एका तुकड्याला भोक, दुसरा त्यातून आरपार गेलेला आणि वर लोखंडी पाचर ठोकलेली. काही ठिकाणी डव्हटेल आहे, पारव्याच्या शेपटीसारखं पसरट टोक खाचेत बसवलेलं. सुतार दरवाजाची चौकट जोडतो तसा हा पूल जोडलेला आहे. जगात एवढा मोठा ओतीव लोखंडी पूल आधी कुणी बांधलाच नव्हता, लोखंड जोडायची वेगळी रीत रुळलेली नव्हती, म्हणून लाकडाची माहीत असलेली रीत लोखंडावर वापरली. मूळ आराखडा श्रूझबरीच्या थॉमस फार्नोल्स प्रिचर्ड या वास्तुविशारदाचा. काम सुरू होताच, 1777 मध्ये, तो वारला.

एकाच ठिकाणचे दोन सांधे निवडून ताडून बघा, ते सारखे नसतात. पाहणीत असं आढळलं की सुमारे 70 टक्के भाग, आणि मोठे ओतीव तुकडे तर सगळेच, त्या त्या जागेच्या मापाने वेगवेगळे केलेले आहेत. म्हणजे साच्यातून एकसारखे भाग काढले आणि जोडले, असं झालेलं नाही. 1779 च्या उन्हाळ्यात तीनेक महिन्यांत हा सांगाडा उभा राहिला. कसा, हे बराच काळ कोडंच होतं. 1997 मध्ये स्टॉकहोमला एलियास मार्टिन या चित्रकाराचं एक जलरंगातलं चित्र सापडलं, त्यात बांधकाम चाललेलं दिसतं. नदीत पाय रोवलेला लाकडी मांडव आणि होडीतून आणलेली फासळी त्यावरून वर ओढलेली. 2001 मध्ये निम्म्या मापाचा पूल त्याच पद्धतीने उभारून ती खात्रीही करून घेतली गेली.

ओतीव लोखंड दाब चांगलं सोसतं, ताण सोसत नाही. कमानीत बहुतेक सगळा दाबच असतो, म्हणून या पुलाला कमानीचा आकार शोभतो तेवढाच मानवतो. फेब्रुवारी 1795 च्या महापुरात या नदीवरचे दगडी पूल मोडले, हा मात्र अभंग राहिला, कारण पाण्याला अडायला मधे खांबच नाही. पण लोखंड गरजेपेक्षा फार वापरलं होतं. त्याच पुरात मोडलेल्या जवळच्या बिल्डवस गावच्या पुलाजागी थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने 1796 मध्ये लोखंडी पूल बांधला. तो लांबीने मोठा आणि लोखंड निम्म्याहून कमी! तिसऱ्या डार्बीने अंदाज आणि खर्च यांतली तफावत स्वतः सोसली आणि आयुष्यभर कर्जात राहिला. माझ्या दृष्टीने जादा लोखंडाची ही उधळण अनाडीपणाची नाही. आधीचं उदाहरणच नसलेल्या माणसाची ती सावधगिरी आहे.

काही तुकड्यांना तडे गेलेले आणि वरून पट्ट्या बांधलेल्या दिसतील. दोष लोखंडाचा कमी, जमिनीचा जास्त. घळीचे दोन्ही उतार नदीकडे सरकत असतात, दोन्ही काठांचे दगडी पाये आत ढकलले जातात आणि मधली कमान वर उचलली जाते. म्हणून 1972 ते 1975 दरम्यान नदीच्या तळाखाली काँक्रीटची उलटी कमान घातली, दोन पायांच्या मधे टेकू दिल्यासारखी. जमिनीचा हाच त्रास वरच्या सेंट ल्यूक चर्चमध्ये दिसतो. पश्चिमेची जमीन मनोऱ्याचं ओझं पेलेना म्हणून मनोरा पूर्वेला बांधला आणि चर्चची नेहमीची दिशा उलटी झाली.

आता पुलावरून दक्षिणेला जा. तिथे टोलनाक्याचं घर आहे आणि दरांचा फलक. पायी जाणाऱ्याला अर्धी पेनी. खाली बजावलेलं आहे की सैनिक कामावर असो वा नसो, त्यानेही टोल भरायचा, आणि राजघराण्यालाही सूट नाही. वाहनं 1934 मध्ये बंद झाली, टोल 1950 मध्ये. आज पायी जायला काही पडत नाही. टोल चुकवायला स्थानिक लोक कोरॅकल वापरत. या एका माणसाच्या, टोपलीसारख्या होड्या. हंपीला तुंगभद्रेत फिरणाऱ्या गोल होड्या पाहिल्या असतील तर लगेच ओळखाल.

जेवण गावातच करा. शाकाहारी मंडळींनी चिप्स घेताना कशात तळल्यात हे विचारावं, या भागात गाईच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे.

दुपारी दक्षिण काठाने जॅकफील्डला चालत जावं, अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. जॅकफील्डमध्ये 1952 च्या भूस्खलनात 27 घरं गेली. तिथलं टाइल्सचं संग्रहालय जुन्या कारखान्यातच आहे. मुंबईतल्या व्हिक्टोरियन इमारतींत दिसतात तशा नक्षीच्या फरश्या कशा होतात ते इथे कळतं: रंग वरून लावलेला नसतो, साच्याने उठवलेल्या खळग्यांत वेगळ्या रंगाची पातळ माती ओततात, वरचा थर खरवडतात आणि मग भाजतात. म्हणून पाय घासून घासून फरशी झिजली तरी नक्षी जात नाही. ब्लिस्ट्स हिल हे व्हिक्टोरियन गाव मात्र याच दिवसात कोंबू नका. तिथे पौंड देऊन जुन्या पेन्या घ्यायच्या, 240 पेन्यांचा एक पौंड या हिशोबाने दुकानांत फिरायचं. त्याला वेगळा अर्धा दिवस हवा.

बसआधी तासभर परत पुलाशी या आणि वरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला उभे राहा. उतरतं ऊन मागून येतं. 2018 च्या डागडुजीत पुलाला मूळचा गडद तांबूस-तपकिरी रंग परत दिला, तो या उन्हात खुलतो. बाहेरच्या फासळीवर ओतलेली अक्षरं तेव्हा वाचता येतात: हा पूल कोलब्रुकडेलला ओतला आणि 1779 साली उभारला. वर्ष रोमन आकड्यांत आहे.