मास्टर बॉलच्या दांडीवरचा नंबर

मे महिना होता. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात सकाळीच गिऱ्हाइकाचा फोन आला. हाउसिंगमध्ये बेअरिंग बसत नाही, बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान आहे म्हणे. बोअर 62 एच7 चा, म्हणजे 62 मिलिमीटरहून शून्य ते 30 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा चालतो. आमच्या सीएमएमच्या, म्हणजे टोकाने शिवून मापं घेणाऱ्या मशीनच्या, रिपोर्टवर 62.003, त्यांच्याकडे 61.997.

साहेबांना पहिला संशय आला उन्हाचा. पण बिडाचं कास्टिंग एका मीटरला दर अंशाला साधारण 11 मायक्रॉन वाढतं. 62 मिलिमीटरला ती वाढ पाऊण मायक्रॉनसुद्धा भरत नाही. सहा मायक्रॉनसाठी आठ-नऊ अंशांचा फरक हवा, आणि आमची खोली 20 अंशांवर स्थिर होती.

मशीनवरचे काका एवढंच म्हणाले, "ताई, सेंटर डिस्टन्स जुळतंय का बघा."

जुळत होतं, अगदी तंतोतंत. मग माझ्या पोटात गोळा आला. मशीनच्या प्रोबच्या, म्हणजे शिवणाऱ्या सळईच्या, टोकाला रूबीची गोळी असते. भोक मोजताना मशीन प्रोबच्या प्रवासात त्या रूबीचा व्यास मिळवतं, बाहेरचं माप घेताना तोच वजा करतं. दोन भोकांच्या केंद्रांमधल्या अंतरात मात्र तो येतच नाही. म्हणजे चूक रूबीच्या व्यासात होती.

काकांनी हातमोजे घालून 50 ची रिंग गेज, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकाची कडी, काढली, पुसून टेबलावर ठेवली आणि तापमान जुळावं म्हणून तासभर तिला हात लावू दिला नाही. सर्टिफिकेटवर 50.0012, मशीनवर 50.0068. मग 50 ची स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचा ठोकळा, लावली. ती आली 49.9940. आतलं माप मोठं, बाहेरचं लहान, दोन्हीकडे जवळपास सहाच मायक्रॉन.

रूबीचा व्यास मशीनला कळतो तो मास्टर बॉलवरून, म्हणजे माहीत असलेल्या व्यासाचा गोळा प्रोबने शिवून. रोज सकाळची ही तपासणी, क्वालिफिकेशन, स्वच्छ यायची, फॉर्म, म्हणजे गोलाईतला फरक, एक मायक्रॉनच्या आत, आणि त्याच्यावरच मी निर्धास्त होते. पण फॉर्मवरून बॉल गोल आहे एवढंच कळतं. तो नेमका केवढा आहे, हे मशीनला आपणच सांगायचं असतं.

काकांनी बॉल फिरवून काढला. दांडीवर बारीक कोरलेला नंबर भिंगाखाली धरला. शेवटचा आकडा 7. मशीनमध्ये भरलेला व्यास 24.9863, तो 1 नंबरच्या बॉलचा. 7 नंबरचं सर्टिफिकेट काढलं तर त्यावर 24.9921. बॉल जवळपास सहा मायक्रॉन लहान धरला, म्हणून मशीनने रूबी तेवढीच मोठी मानली. तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही बॉल कॅलिब्रेशनहून एकदमच परत आले होते. डब्या सारख्याच, दोन्हींवर 25 मिलिमीटर लिहिलेलं. बॉल बसवला होता मीच.

त्या तीन आठवड्यांचे सगळे रिपोर्ट मी टेबलावर मांडले. खालच्या हद्दीजवळचे बोअर वेगळे काढले, स्टोअरमधला माल अडवून ठेवला. साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला उद्या सांगू. मी त्याच संध्याकाळी फोन लावला आणि सांगितलं, "तुमचं माप बरोबर आहे, आमचं चुकलं. माल परत पाठवा, होनिंग करून बोअर आम्ही मोठे करून देतो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी विचारलं, "आधीच्या लॉटचं काय?"

ती यादी माझ्या हातातच होती. मी एकेक नंबर वाचायला लागले.