सायगॉनची कॉफी, बशीतून

आमच्या व्हिएतनाम सहलीच्या कार्यक्रमात ‘एग कॉफीचा आस्वाद’ असं छापलं होतं आणि त्यासाठी वीस मिनिटं दिली होती. हनोईच्या जुन्या शहरातल्या एका अंधाऱ्या जिन्यावरच्या रांगेत त्यातली निम्मी गेली. कप हातात पडतोय तोच खालून हाक, ‘चला, बस आली!’ माणसं उभ्याउभ्या फोटो काढून, अर्धे कप टाकून निघाली. मला तेव्हाही राग आला होता, आणि लिहितानाही येतोय.

कारण त्या कपामागे टंचाईची गोष्ट आहे. 1946 मध्ये हनोईत दूध मिळेनासं झालं होतं. मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन वान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलक साखर घालून फेटला आणि कडक कॉफीवर घातला. त्यांच्या घरच्यांचं दुकान आजही तिथे चालतं. ही कॉफी गरम पाण्याच्या वाटीत कप ठेवून देतात, कारण गार झाली की अंड्याचा उग्र वास येतो. आधी चमच्याने वरची साय चाखायची, मग तळाची कडू कॉफी हळूहळू वर येऊ द्यायची. हे घाईत प्यायचं पेयच नाही.

हालॉन्ग बे सुंदर, पण बोटींची गर्दी असह्य. दा नांग, होई आन झालं. शेवटी सायगॉन. (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण बोलताना तिथली माणसंही सायगॉनच म्हणतात.) तिथे एक सकाळ ‘शॉपिंगसाठी मोकळी’ होती. मी टॅक्सी केली आणि चोलॉनला गेले.

चोलॉन म्हणजे सायगॉनमधली चिनी वस्ती. तिथल्या एका गल्लीच्या तोंडाशी कॉफीचं जुनं दुकान होतं. भिंती धुराने काळपट, आत चार-पाच टेबलं, बाकीची गिऱ्हाइकं बाहेर प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर. चुलीपाशी साठीच्या पुढच्या एक बाई. कॉफी गाळायला त्यांच्याकडे लांब दांड्याची कापडी गाळणी होती, वापरून वापरून पार काळी झालेली. तिच्यात भुकटी घालून त्यांनी ती मातीच्या भांड्यात बुडवली, वरून उकळतं पाणी ओतलं, लांब काडीने ढवळलं आणि झाकण ठेवून दिलं. तिकडे या कॉफीला ‘का फे वोत’ म्हणतात. शहरात बाकी सगळीकडे फिन चालतो, म्हणजे कपावर ठेवायचं ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं छोटं गाळणं, ज्यातून कॉफी थेंबाथेंबाने उतरते. पण या जुन्या वस्तीने आपली कापडी गाळणी सोडलेली नाही.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांची काळी कॉफी आली. त्यांनी ती निम्मी बशीत ओतली, फुंकर मारली आणि दोन्ही हातांनी बशी उचलून भुरका मारला. मग तळलेल्या लांब पावाचा तुकडा बशीत बुडवून खाल्ला. मी बघतच राहिले. आमचे आजोबा रोज पहाटे चहा अस्साच प्यायचे. आत्या शहरातून आली की ‘बाबा, कपाने प्या हो’ म्हणायची, आणि ते बशीच पुढे करायचे. मीही माझी कॉफी बशीत ओतली. आजोबांनी वर्तमानपत्राआडून पाहिलं, काही बोलले नाहीत, फक्त पावाची थाळी माझ्याकडे सरकवली.

कॉफी संपल्यावर बाईंनी न मागता पातळ, गार चहाचा पेला आणून ठेवला. सायगॉनमध्ये कॉफीबरोबर हा चहा फुकट असतो आणि पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. पाऊण तास मी एका कपावर बसले होते, कोणी माझ्याकडे ‘उठा आता’ अशा नजरेने पाहिलं नाही. आपल्याकडे कप खाली ठेवायचा अवकाश, फडकं घेऊन पोऱ्या हजर! कॉफीचे 20,000 डोंग झाले, म्हणजे आपले सत्तर रुपये. मला एवढ्या स्वस्तात इतका निवांतपणा दुसरीकडे कुठेही मिळालेला नाही.

चव मात्र सगळ्यांना झेपेल असं नाही. व्हिएतनामी कॉफी बहुतेक रोबस्टा जातीची. तिच्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं. भाजतानाही बरेच जण लोणी आणि साखर घालतात, त्यामुळे तिला करपलेल्या पाकासारखा वास येतो. फ्रेंचांनी 1857 मध्ये कॉफीचं झाड तिथे आणलं, पण उष्ण हवेत ताजं दूध टिकेना, म्हणून डब्यातलं गोड आटीव दूध आलं आणि मग तीच सवय झाली. बर्फ घातला की ‘का फे सुआ दा’. दुधावर कॉफी नुसती नावाला हवी असेल तर ‘बाक सिउ’ मागा. ज्यांना कडू चालत नाही त्यांनी सुरुवात तिथून करावी.

एक खंत राहिली. ब्राझीलनंतर जगात सर्वाधिक कॉफी पिकवणारा हा देश, पण ती पिकते त्या मध्य पठाराकडे आमची बस फिरकलीसुद्धा नाही. 1986 च्या आर्थिक सुधारणांनंतर तिथल्या बुऑन मा थुओत शहराच्या आसपासच्या लाल मातीत लागवड झपाट्याने वाढली. बागेत उभं राहून कॉफी पाहायची तर तिथेच जायला हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मळे फुलतात. मुंबईहून सायगॉनला आता थेट विमान आहे, पुढचा प्रवास रात्रीच्या बसने होतो. यावेळी सहल कंपनी नको, तिकिटं मीच काढणार आहे. कोणाला यायचं असेल तर जरूर कळवा, फक्त कॉफीपाशी घाई करायची नाही.