चक्कर यायचीच?

"बाळंतिणीला चक्कर यायचीच गं," काकू म्हणाल्या आणि अळिवाची खीर ढवळत राहिल्या.

वहिनी न्हाणीच्या दारात भिंतीला टेकून बसलेली, ओठ पांढरेफटक. कढत पाण्याने न्हाऊन उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आडवं केलं, पायांखाली उशी दिली. बीपी ८४/५६.

डॉक्टरीणबाईंचा फोनवर पहिलाच प्रश्न: "पॅड किती वेळात भिजतंय?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाळाने किती वेळा शू केली, हे मात्र तोंडपाठ!

गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, एकदम उठलं की बीपी उतरतं. तेवढंच असेल तर पडून राहून, पाणी पिऊन बरं वाटतं. पण तासाभरात पॅड चिंब होत असेल तर थेट दवाखाना. आणि रक्त जात असताना आधी नाडी धावायला लागते, बीपी मागाहून पडतं. नुसत्या बीपीच्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

वहिनीचं रक्त जास्त जात नव्हतं. पण हिमोग्लोबिन ८ निघालं, म्हणजे बरंच कमी.

इंदूरभरातून पोहे-जिलबी घेऊन माणसं बाळ बघायला येतायत. तिच्याकडे कोण बघतंय?

रात्री काकू हळूच म्हणाल्या, "मीपण पडले होते माझ्या वेळी. कुणाला सांगितलं नाही."

तुमच्याकडे कुणी सांगतं का?